फ्रान्सच्या गावांत निवांत फिरायचंय? आधी मुक्काम ठरवा, मग यादी

युरोपची ठरावीक सहल एकदा करून आलेल्या अनेकांना पुढच्या खेपेला फक्त फ्रान्स हवा असतो, आणि तोही पॅरिसबाहेरचा. द्राक्षमळ्यांमधली गावं, आठवडी बाजार, जुनी चर्चं, एखाद्या चित्रकाराचं घर. तयारीला लागलं की जवळजवळ प्रत्येकाला तेच प्रश्न पडतात. व्हिसासाठी सगळा कार्यक्रम आधी लिहून द्यावा लागतो, मग निवांतपणा कसा साधायचा? गाडी भाड्याने घ्यावीच लागते का? शाकाहारी माणसाचं खेड्यात काय होईल? आणि हमखास येणारा प्रश्न: बारा दिवसांत आल्सास, प्रोव्हान्स आणि ल्वारचं खोरं तिन्ही बसवता येतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. बसवता येतील, पण त्यातले निम्मे दिवस सामान भरण्यात आणि स्टेशनांवर जातील. युरोपातला फ्रान्स महाराष्ट्राच्या जवळजवळ पावणेदोनपट आहे. वेगवान रेल्वेचे बहुतेक मार्ग पॅरिसहून निघतात, त्यामुळे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात आडवं जायचं तर अख्खा दिवस मोडू शकतो. बारा-चौदा दिवसांत एक प्रदेश छान होतो, फार तर दोन.

मुक्काम दोन, फेऱ्या रोजच्या

रोज नव्या गावात राहण्याऐवजी एका मध्यम आकाराच्या शहरात पाच-सहा रात्री काढा आणि तिथून आसपासची गावं करा. शहर असं निवडा की त्याला रेल्वे स्टेशन असेल, संध्याकाळी जेवायला चार ठिकाणं उघडी असतील आणि औषधाचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असेल. अगदी चिमुकल्या गावात राहण्याचा मोह होतो, पण तिथली शेवटची बस अनेकदा संध्याकाळी सहाच्या आतच निघून गेलेली असते.

पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर जाणाऱ्यांना आम्ही आल्सास सुचवू. कोलमारला पाच रात्री काढा. पॅरिसहून थेट वेगवान गाडी सुमारे अडीच तासांत तिथे पोचते. स्ट्रासबर्ग तिथून अर्ध्या तासावर. कोलमारच्या उंटरलिंडेन संग्रहालयातलं इझेनहाइमचं वेदीचित्र हे एकच कारण या शहरात थांबायला पुरेसं आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला माथियास ग्र्युनेवाल्डनं ते एका मठाच्या रुग्णालयासाठी रंगवलं. तिथे त्वचा जळत जाणाऱ्या रोगाचे रुग्ण असत आणि चित्रातल्या ख्रिस्ताच्या अंगावरही तसेच व्रण आहेत. त्याच्यासमोर घाईत उभं राहू नका. तास-दीड तास राखून ठेवा. संग्रहालय मंगळवारी बंद असतं. अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा शिल्पकार बार्तोल्दी याच गावचा, त्याच्या जन्मघरातही संग्रहालय आहे. एगिसाइम हे गोलाकार गल्ल्यांचं गाव सहा-सात किलोमीटरवर आहे. सायकलनं मळ्यांमधून जाता येतं. आल्बर्ट श्वाइत्झरचं जन्मगाव केझर्सबर्ग बसच्या टप्प्यात आहे. नाताळच्या बाजारांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे, पण निवांतपणा हवा असेल तर डिसेंबर नको. त्या दिवसांत खोल्या महाग होतात आणि एगिसाइमच्या गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते.

ल्वारचं खोरं ज्येष्ठांसाठी सोयीचं, कारण जमीन सपाट. तूर शहरात राहा. आंब्वाज स्थानिक गाडीनं वीसेक मिनिटांवर आहे. लिओनार्दो दा विंची आयुष्याची शेवटची वर्षं तिथे होता आणि १५१९ मध्ये तिथेच वारला. नदीवर कमानी टाकून बांधलेला शनोंसोचा महाल तर स्टेशनच्या दारातच आहे. मात्र परतीच्या गाड्या मोजक्याच, वेळ आधी पाहून ठेवा. सायकलस्वारांसाठी नदीकाठानं सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग आखलेला आहे. त्यातला दहा किलोमीटरचा तुकडा कुणालाही जमेल.

प्रोव्हान्स दोन भागांत विचारात घ्या. आविन्यों, आर्ल आणि नीम ही रेल्वेनं जोडलेली शहरं गाडीशिवाय होतात. लुबेरोंच्या डोंगरातली गोर्द, रुसियों, लूर्मारँ ही गावं बसनं करायची म्हणजे बरंच थांबणं आलं. तिथे दोन-तीन दिवसांपुरती गाडी घ्यावी. प्रोव्हान्सबाहेरच्या दोर्दोन्य खोऱ्यात मात्र गाडीला पर्याय नाही.

गाव निवडण्याआधी वार पाहा

फ्रान्सच्या लहान गावांत नेमकं काय पाहायला मिळेल हे तुम्ही कोणत्या वारी जाता यावर ठरतं. बाजाराच्या सकाळी गजबजलेलं गाव दुसऱ्या दिवशी झोपलेलं सापडतं. म्हणून मुक्काम पक्का झाला की आठवड्याचा तक्ता बाजारांवरून बांधा. प्रोव्हान्सचा असा होतो:

- मंगळवार: गोर्द
- बुधवार: सँ-रेमी
- गुरुवार: रुसियों
- शुक्रवार: लूर्मारँ (आल्बेर काम्यूची साधी कबर इथल्या दफनभूमीत आहे)
- शनिवार: आर्ल, किंवा आप्त
- रविवार: लील-सुर-ला-सोर्ग, जिथे जुन्या वस्तूंचे व्यापारीही बसतात

बाजार सकाळी आठच्या सुमारास भरतो आणि साडेबारा-एकला आवरतो. दहाच्या आत पोचा, पार्किंगही तेव्हाच मिळतं. सुटे युरो जवळ ठेवा. आयफेल टॉवरच्या तिकिटाला २०२४ पासून यूपीआय चालतं, पण मधवाल्या आजीबाईंकडे चालणार नाही.

आणखी काही वेळा लक्षात ठेवा. दुपारी बारा ते दोन लहान दुकानं, इतकंच काय पर्यटन कार्यालयंही बंद होतात. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यातली बरीच उपाहारगृहं बंद असतात. १ मे, ८ मे, १४ जुलै, १५ ऑगस्ट, १ आणि ११ नोव्हेंबर या सार्वजनिक सुट्ट्या. १ मेला तर जवळजवळ सगळंच बंद. ऑगस्टमध्ये अख्खा फ्रान्स सुट्टीवर निघतो. मे-जूनचे मधले आठवडे आणि सप्टेंबर हा काळ सगळ्यांत चांगला. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिन असतो, तेव्हा एरवी कुलूपबंद असलेल्या वास्तूही लोकांसाठी उघडतात. जुलैत आविन्योंला नाट्यमहोत्सव असतो. जाँ व्हिलारनं १९४७ मध्ये तो सुरू केला. नाटकासाठी जायचं नसेल तर त्या महिन्यात तिथे खोली शोधू नका.

व्हिसा: कार्यक्रम किती बांधून द्यायचा?

गैरसमज सगळ्यांत जास्त इथे आहेत. अर्जासोबत प्रत्येक रात्रीच्या राहण्याचा पुरावा आणि येण्याजाण्याचं आरक्षण लागतं. दिवसभरात कुठली तीन चर्चं पाहणार हे कुणी विचारत नाही. दोन मुक्कामांचा बेत असेल तर पॅरिस धरून तीन बुकिंगांत काम भागतं. निवांत प्रवास व्हिसाच्या कागदांनाही सोपा पडतो तो असा.

- अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्यासाठी भेटीची वेळ लवकर घ्या.
- शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो; त्याहून लहानांना माफ. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.
- पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, शेंगेन सोडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा.
- प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा.
- दोन-तीन देश करणार असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरता, त्याच्याकडे.
- मुलगा-सून किंवा भाचीकडे राहणार असाल तर तिथल्या नगरपालिकेतून मिळणारं यजमानपत्र त्यांनी आधी काढून पाठवावं. साधं निमंत्रणाचं पत्र पुरत नाही.

व्हिसासाठी एक बुकिंग दाखवायचं आणि नंतर सगळंच रद्द करून भलतीकडे जायचं, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. सीमेवरचा अधिकारी राहण्याचा पुरावा पुन्हा मागू शकतो. त्याच प्रदेशात हॉटेल बदललं तर हरकत नाही, नवी पावती जवळ असू द्या. ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या पद्धतीत सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवला जातो, त्यामुळे १८० दिवसांत ९० दिवसांचा हिशेब आता संगणकच ठेवतो.

व्हिसा नाकारला गेला तर कारण लेखी मिळतं आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मुदत आणि पत्ता नकारपत्रावरच असतो. उलट बाजूही चांगली आहे: २०२४ पासून, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नियम पाळून वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो.

रेल्वे: स्टेशन नीट वाचा

लांबच्या वेगवान गाड्यांची तिकिटं विमानासारखी महाग होत जातात, ती लवकर काढा. प्रादेशिक गाड्यांचे दर मात्र बहुधा ठरलेले असतात. त्या दिवशी सकाळी काढलं तरी चालतं. इथेच तुमचा निवांतपणा आहे. लांबचे दोन टप्पे आधी बांधा, रोजच्या फेऱ्या हवामान पाहून.

चूक होते ती स्टेशनात. आविन्योंला दोन स्टेशनं आहेत, वेगवान गाडीचं गावाबाहेर आणि दुसरं तटबंदीलगत. मधली जोडगाडी पाच मिनिटांत पोचवते. तूरला येणाऱ्या अनेक वेगवान गाड्या शेजारच्या सँ-पिएर-दे-कोरला थांबतात. पॅरिसहून बोन या गावाला जाणाऱ्या थेट प्रादेशिक गाड्या गार द लिओंहून नव्हे, तर बेर्सीहून निघतात. तिकिटावर स्टेशनाचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय टॅक्सीत बसू नका.

गाडी घ्यायची तर

भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन जा. भाड्याच्या कंपन्या चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर गाडी देणं अनेकदा नाकारतात. क्लचवाली गाडी डाव्या हाताच्या सवयीत उजव्या हातानं गिअर टाकत चालवणं पहिल्या दिवशी अवघड जातं. ऑटोमॅटिक कमी असतात आणि महाग पडतात, तरी आधी मागून ठेवा. विमानातून उतरल्या उतरल्या किल्ली घेऊ नका. एक रात्र झोप झाल्यावर घ्या.

रस्त्याची उजवी बाजू चार तासांत अंगवळणी पडते. खरा घोटाळा होतो तो उजवीकडून येणाऱ्याच्या हक्काचा. गावात चौकात काहीच खूण नसेल तर उजव्या बाजूच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. गल्ली कितीही अरुंद असो आणि तुमचा रस्ता कितीही मोठा दिसो. स्थानिक लोक हा हक्क मागेपुढे न पाहता वापरतात.

- वेगमर्यादा: महामार्गावर १३०, पावसात ११०, दुपदरी रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी ८०, गावात ५० आणि बऱ्याच भागांत ३०. दंडाची नोटीस कंपनीमार्फत नंतर येते आणि कंपनी स्वतःचं शुल्कही लावते.
- पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या महामार्गावर टोलनाकेच नाहीत. कॅमेरा नोंद घेतो आणि ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरायचे असतात.
- दहा वर्षांखालच्या मुलांना मागच्या सीटवर, त्यांच्या मापाच्या आसनात बसवणं सक्तीचं आहे.
- प्रसिद्ध गावांत गाडी बाहेरच्या सशुल्क तळावर लावावी लागते. तिथून वर चढ असतो, पायाखाली गोटे असतात. गोर्दसारख्या ठिकाणी गुडघे दुखणाऱ्यांना आधी वर गावापाशी उतरवा.

घर भाड्यानं घेताना

खेड्यात राहायचे दोन प्रकार. ‘शांब्र दोत’ म्हणजे घरमालकाच्या वास्तूतली खोली. अशा घरात कायद्यानं जास्तीत जास्त पाच खोल्या असतात आणि नाश्ता भाड्यातच धरलेला असतो. ‘जित’ म्हणजे स्वयंपाकघरासह स्वतंत्र घर, आणि मराठी कुटुंबाला तेच जास्त मानवतं. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये ते बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतं. चादरी-टॉवेल आणि शेवटची सफाई भाड्यात आहे का, लिफ्ट आहे का, खोली कितव्या मजल्यावर, हे आधी लिहून विचारा. जुन्या घरांत लिफ्ट नसतेच असं धरून चाला. दर माणशी दर रात्री स्थानिक पर्यटनकरही लागतो. १८ वर्षांखालच्यांना तो माफ असतो.

थेट मालकाशी करार करताना आगाऊ रकमेला काय नाव दिलंय ते बघा. ‘आर्’ लिहिलं असेल तर तुम्ही बेत रद्द केल्यावर तेवढीच रक्कम जाते. मालकानं रद्द केलं तर त्याला दुप्पट परत करावी लागते. ‘आकोंत’ असेल तर करार पक्का झाला, आणि माघार घेतल्यास पूर्ण भाडंही मागितलं जाऊ शकतं. पैसे पाठवण्याआधी हा शब्द शोधाच.

स्वयंपाकघर आहे म्हणून बॅग भरताना जपा. युरोपीय संघात प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच राहू द्या. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्त्यासारखी पानं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, म्हणजे हापूसही नाही. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. पोहे, डाळी, कोरडे मसाले, चटण्या बिनधास्त न्या.

ताटात काय येणार?

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण नावावर विसंबून फसतो. कांद्याचं प्रसिद्ध सूप बहुधा गोमांसाच्या रश्श्यात करतात. कीश लोरेन आणि आल्सासच्या पातळ तार्त फ्लांबेत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. नीसकडच्या कांद्याच्या पिसालादिएरवर अँचोव्ही मासे. त्याऐवजी रातातुई, बटाटा-सायीचं ग्रातँ, शेळीच्या चीझचं सॅलड, ब्रिटनीतला बकव्हीटचा गालेत मागा. नीसचा सोक्का तर हरभऱ्याच्या पिठाचा, आपल्या बेसनाच्या धिरड्याच्या घरातला. ऑर्डर देताना ‘सां व्यांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं स्पष्ट म्हणा. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की कोंतेसारखी पारंपरिक चीझं वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेली असतात. दुकानात विरजण ‘व्हेजेताल’ असल्याचं लिहिलेलं चीझ शोधा.

वेळ पाळणं इथे चवीपेक्षा महत्त्वाचं. गावात दुपारचं जेवण बारा ते दोन. सव्वादोनला स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि सातपर्यंत उघडत नाही. दुपारचा ठरलेला मेनू रात्रीपेक्षा बराच स्वस्त असतो, म्हणून मोठं जेवण दुपारीच घ्या. सेवाशुल्क दरातच धरलेलं असतं, त्यामुळे टीप ऐच्छिक. जेवणासोबत नळाचं पाणी आणि पाव फुकट मिळतो. ‘कराफ दो’ म्हटलंत की बाटलीचे पैसे वाचतात. आणि दुकानात, बसमध्ये, उपाहारगृहात शिरताच आधी ‘बोंजूर’. ते न म्हणता थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणा समजतात, आणि मग मिळणारा थंडपणा तुम्ही परके असल्यामुळे नसतो.

कलास्थळांची तिकिटं

जिव्हर्नीचं मोनेचं घर आणि कमळांचा तलाव १ एप्रिल ते १ नोव्हेंबर एवढाच उघडा असतो. आर्लमध्ये व्हॅन गॉगचं ‘पिवळं घर’ शोधत फिरू नका. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यानंतर ते उरलं नाही. त्याला ज्या रुग्णालयात ठेवलं होतं, त्याचं अंगण मात्र त्याच्या चित्राबरहुकूम फुलवलेलं आहे. ऱ्होन नदीवरच्या तारांकित रात्रीचं मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, तेव्हा ते आधी पाहून मग नदीकाठी जावं.

दोर्दोन्यमधली लास्कोची गुहा १९६३ पासून लोकांना बंद आहे. माणसांच्या श्वासानं चित्रं खराब होऊ लागली होती. तुम्ही पाहता ती २०१६ मध्ये उघडलेली हुबेहूब प्रतिकृती, आणि ती अतिशय उत्तम आहे. अस्सल प्रागैतिहासिक रंगचित्रंच पाहायची असतील तर जवळच्या फोंत-द-गोमला रोज मोजक्याच लोकांना सोडतात. ते तिकीट विमानाच्या तिकिटासोबतच पाहायला घ्या.

लुव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. जानेवारी २०२६ पासून लुव्रचं तिकीट युरोपबाहेरच्या पाहुण्यांना ३२ युरो झालं आहे. बऱ्याच राष्ट्रीय संग्रहालयांना महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, पण काही ठिकाणी वेळ आधी राखावी लागते.

काही बिघडलं तर

आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिकेसाठी १५. हिरव्या क्रॉसच्या औषध दुकानातले फार्मासिस्ट किरकोळ दुखण्याला सल्ला देतात. रात्री-रविवारी कोणतं दुकान उघडं ते दारावर लिहिलेलं असतं.

वेगवान गाडीला ३० मिनिटांहून जास्त उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्क्यांपासून भरपाई मिळते, दोन तासांपलीकडे किमान ५० टक्के. ती आपोआप येते असं समजू नका. ऑनलाइन दावा करावा लागतो. विमानाचा नियम अनेकांना अर्धाच ठाऊक असतो. फ्रान्सहून निघणारं विमान कोणत्याही कंपनीचं असो, आखाती असो वा भारतीय, ते युरोपीय नियमाखाली येतं. मुंबईहून जाताना मात्र विमान युरोपीय कंपनीचं असेल तरच. एकाच बुकिंगमध्ये पॅरिसहून दुबईमार्गे मुंबईला तीन तासांहून उशिरा पोचलात आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर माणशी ६०० युरोंपर्यंत मागता येतात. बोर्डिंग पास टाकू नका, उशिराचं कारण विमानतळावरच लेखी घ्या आणि दावा थेट कंपनीकडे करा. मध्यस्थ त्यातला मोठा वाटा घेतात.